हुंकार

गोष्ट कोणामुळे जगते, सांगणाऱ्यामुळे की ऐकणाऱ्यामुळे? हा प्रश्न कुणी पूर्वी विचारला असता, तर मास्तरकीच्या ऐटीत मी 'सांगणाऱ्यामुळे' असे उत्तर देऊन मोकळा झालो असतो. आज तसे म्हणवत नाही.

आमच्या हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यात पारावर एक म्हातारबा बसत. रात्रीची जेवणे उरकली की चारदोन माणसे कडुनिंबाखाली जमत आणि बाबा गोष्ट सुरू करीत. त्यांची अट एकच : कुणीतरी 'हूं' म्हणत राहायचे. हुंकार थांबला की गोष्टही थांबे. कादंबरीच्या लोभाने मी तेथे वही घेऊन जाऊ लागलो. मास्तर लिहून घेतात म्हणून बाकीचे संकोचाने गप्प राहू लागले. एका रात्री बाबाही मध्येच थांबले.

"पुढं सांगा ना, बाबा."

"मास्तर, तुमी लिवून रायले. पन हूं कोन म्हनते?"

मी मान वर केली, तेव्हा पारावर आम्ही दोघेच उरलो होतो.

मग लिहून ठेवणे हा अपराध का? तसे कसे म्हणावे! मेहकर-लोणार ही आमच्या शेजारची गावे. श्रीचक्रधरस्वामींचा तेथला वावर आपल्याला ठाऊक आहे तो म्हाइंभटांनी माणसामाणसाकडून आठवणी गोळा केल्या म्हणून. १२७८च्या सुमारास त्यांतून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. परंतु पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथीच हरवली. तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी राहिली. आठवणींत फरक पडला तेथे निरनिराळे पाठ नोंदून ठेवले गेले. पोथीने माणसांची आठवण राखली, आणि माणसांनी पोथी राखली. दोघांपैकी एकावरच विसंबणे बरे नव्हे.

माणसे आता जमत नाहीत, ही तक्रारही मला पटत नाही. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात आमच्या आश्रमात लाखावर माणसे महाप्रसादाला बसतात. पुरीभाजी ट्रॅक्टरांतून वाढावी लागते! ते दृश्य पाहून ऊर भरून येतो. पण त्या गर्दीला ध्वनिक्षेपकातून ऐकवता येते, तिचा हुंकार ऐकू येत नाही. त्यासाठी पारच हवा; पार नसेल तर ओसरी, तीही नसेल तर अंथरुणावर पडलेली दोन नातवंडे.

बाबा आता नाहीत. वही माझ्यापाशी आहे. मध्यंतरी वर्गात मी तिच्यातली एक गोष्ट वाचून दाखवू लागलो. मागल्या बाकावरची एक मुलगी चुळबुळत उठली.

"सर, माझी आजी अशी नाही सांगत. तिच्या गोष्टीत धाकटी सून घरी परत येते."

क्षणभर मला राग आला; माझ्या वहीत तर तसे नव्हते! मग पारावरची ती रात्र आठवली. मी वही मिटली, तिला पुढे बोलावले आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसलो.

ती सांगू लागली. थोड्या वेळाने अडखळली, माझ्याकडे पाहू लागली.

मी म्हणालो, "हूं."