रेंज नसलेल्या रस्त्यावर



वसईतल्या कितीतरी घरांची मुले आज ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. सुट्टी लागली की त्यांतली काही कुटुंबे कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन प्रवासाला निघतात. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचे छोटे घरच. आत शेगडी, पाण्याची टाकी, रात्री पसरायचा बिछाना. इकडे आजी-आजोबा मोबाईल हातात धरून बसतात. पहिल्या दिवशी दहा फोटो येतात, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी एकही नाही. पाठवलेल्या संदेशापुढे एकच टिकमार्क दिसत राहतो आणि घरात कुणाला घास गोड लागत नाही.

काय झालेले असते? बहुधा काहीच नाही. गाडी नलारबोरच्या माळरानावर असते. नलारबोर हे नाव लॅटिन शब्दांवरून पडले आहे, अर्थ 'एकही झाड नाही'. सेदुना ते नॉर्समन हे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. बॅलाडोनिया आणि कायगुना या दोन थांब्यांच्या मध्ये जवळजवळ १४६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता सरळ जातो. मोबाईलची रेंज मिळाली तर पेट्रोलपंप आणि खाणावळ असलेल्या थांब्यांच्या आसपास, मधल्या बहुतेक पट्ट्यात नाही. संकटकाळचा ००० हा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागतो. पण टॉवरच नसेल तर तोही लागत नाही. काही नव्या फोनमधून उपग्रहामार्फत संकटसंदेश जातो, तरी त्याला मोकळे आकाश हवे आणि बॅटरीही हवी.

म्हणून तिकडचे जाणते लोक निघताना पाण्याचे जादा कॅन घेतात, कागदी नकाशा घेतात, काहीजण संकटाची खूण पाठवणारे यंत्र भाड्याने घेतात. मुख्य म्हणजे घरी सांगून ठेवतात: अमुक दिवशी अमुक थांब्यावर पोहोचू, तोवर काळजी करू नका, त्या दिवशी रात्रीपर्यंत निरोप आला नाही, तर चौकशी करा. शुभवर्तमानातल्या पाच शहाण्या कुमारिकांचे शहाणपण याहून वेगळे नव्हते. दिवे दहाही जणींकडे होते. जादा तेल पाच जणींकडेच होते. खिशात फोन आहे म्हणजे सगळे आहे असे समजून निघणारा प्रवासी, माझ्या मते, उरलेल्या पाच जणींच्या रांगेत बसतो.

याच रस्त्यावर यूक्ला नावाचे छोटे गाव आहे. १८७७ साली तिथे तारघर सुरू झाले आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया उरलेल्या वसाहतींशी तारेने जोडला गेला. त्या काळचा तो केवढा चमत्कार! आज त्या तारघराच्या दगडी भिंती वाळूच्या टेकड्यांमध्ये अर्ध्यामुर्ध्या गाडलेल्या दिसतात.

आणखी एक हकिकत सांगतो. १९१७ साली वायव्येकडच्या हॉल्स क्रीक इथे एक गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. जवळपास डॉक्टर नव्हता. तिथल्या पोस्टमास्तराने पर्थच्या डॉक्टरला तार केली. डॉक्टरने तारेवरून एकेक सूचना दिली आणि पोस्टमास्तराने साध्या चाकूने शस्त्रक्रिया केली! मग डॉक्टर स्वतः निघाले. बोट, मोटार, घोडागाडी असा दिवसांमागून दिवस प्रवास करून ते पोहोचले, तेव्हा तो तरुण वारला होता. तार क्षणात पोहोचली होती. माणसाला पोहोचायला उशीर झाला.

ही गोष्ट रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या मनाला लागली. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे. पण चांगली गोष्ट कुणाकडूनही शिकावी. १९२८ साली क्लॉनकरी इथून त्यांनी विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू केली. १९२९ साली आल्फ्रेड ट्रेगर यांनी तयार केलेला बिनतारी संच दूरच्या वस्तीवर पोहोचला. सायकलसारखे पेडल पायाने मारून त्याची वीज तयार होई. यंत्रांना नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एका धर्मोपदेशकानेच ती माळरानावर नेली, पण यंत्रावर थांबला नाही. निरोपामागोमाग माणूस पाठवला.

आता घरी बसलेल्यांकडे वळू. जुन्या करारातील तोबितचे पुस्तक आपल्यापैकी थोड्यांनीच वाचले असेल. आंधळा तोबित आपल्या एकुलत्या मुलाला, तोबियाला, दूरदेशी ठेवलेली रक्कम आणायला पाठवतो. बरोबर एक अनोळखी तरुण वाटाड्या आणि घरचा कुत्रा. वाटेत तोबियाचे लग्न ठरते, मेजवानी चौदा दिवस चालते आणि ठरलेला दिवस टळून जातो. इकडे बाप दिवस मोजतो. आई हन्ना तर मुलगा गेलाच असे धरून चालते. ती जेवत नाही, रोज रस्त्याकडे डोळे लावून बसते. नवरा समजूत घालतो तर त्याच्यावरच चिडते. (आपल्या घरांतही हेच संभाषण होते, नाही का?)

हन्नाचे प्रेम खोटे नव्हते, तिचा अंदाज मात्र चुकला होता. ती रडत होती त्याच दिवसांत तिच्या मुलाबरोबर राफाएल देवदूत चालत होता. ते तिला ठाऊक नव्हते, तोबियालाही नव्हते. बातमी न येणे आणि परमेश्वर सोबत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र फार लवकर त्यांची गल्लत करतो, प्रार्थनेतसुद्धा. महिनाभर मागितले, उत्तर आले नाही, की समजतो तिकडे कुणी ऐकतच नाही. देवदूताच्या सोबतीने केलेल्या प्रवासातही अपघात होतच नाहीत, असे मी म्हणणार नाही. म्हणून ठरलेला दिवस उलटला तर चौकशी जरूर करावी. त्याआधीच्या रात्री मात्र फोन उशाशी ठेवून दर दहा मिनिटांनी पाहण्याऐवजी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून रोझरी म्हणावी.

२९ सप्टेंबरला मुख्य देवदूतांचा सण असतो. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये राफाएलच्या मध्यस्थीने प्रवाशांसाठी खास प्रार्थना होईल. ज्यांची मुले प्रवासात असतील, त्यांनी मिस्सापूर्वी सॅक्रिस्टीत त्यांची नावे द्यावीत. मुलांनी कळवलेला मार्ग माहीत असेल तर तोही चिठ्ठीवर लिहावा.