नळीत अडकलेली हवा

शास्त्रपाठ : २ शमुवेल १२:१-१३, स्तोत्र ३२, याकोब ५:१६



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी घरच्या अंगणात मोटारीच्या मागच्या डाव्या चाकाची ब्रेकची नळी बदलली. गळती कोठे नव्हती. वरच्या टाकीत नवे तेल होते. तरी पेडलवर पाय ठेवताच तो ओल्या कापसावर ठेवल्यासारखा खाली गेला. नळीत हवा राहिली होती.

ब्रेकचे तेल दाबाने जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल याने मांडला. हाच पास्कल २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री देवाच्या समक्षतेने असा हेलावून गेला की, त्या रात्रीचे टिपण त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवले. १६६२ मध्ये तो मरण पावल्यावरच ते इतरांच्या हाती लागले. हवा मात्र दबते. पायाचा जोर तिला चेपण्यातच खर्ची पडतो आणि नळी बाहेरून निर्दोष दिसत राहते.

मी भराभर चार-पाच वेळा पेडल मारले. ते घट्ट लागले. “झालं,” मी मुलाला म्हणालो. तो म्हणाला, “बाबा, जरा थांबून पुन्हा दाबा ना.” दाबले, आणि पेडल पूर्वीसारखेच खाली गेले.

आपली पुष्कळशी भक्ती अशी नसते काय? उपवासकाळ येतो, संजीवन सभा होतात, आपण मोठ्याने गातो, अश्रूही येतात आणि मन काही दिवस घट्ट लागते. मग घरातला एखादाच शब्द वर्मी लागतो आणि पाय तळाशी जातो. जोर कमी पडला असे समजून आपण आणखी एक सभा ठरवतो. हवा होती तेथेच राहते.

हवा काढण्याचे काम एकट्याने करणे कठीण. मुख्य सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून बहुधा आरंभ करतात. गाडीच्या पुस्तकात निराळा क्रम असेल तर तोच पाळावा. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. एकाने आसनावर बसून पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाशी बसून निपल किंचित सैल करावे. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून तेल बाटलीत येते आणि त्याबरोबर बुडबुडे. निपल पुन्हा आवळल्यावरच पेडल सोडायचे. आधी सोडले तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते. कबुली देता देता “पण त्यानेच आधी…” असे आपण म्हणतो, तेव्हा हेच घडते.

आता पाहा, पेडल दाबणाऱ्याला बुडबुडा दिसत नाही. तो चाकाशी बसलेल्यालाच दिसतो. दावीद न्यायासनावर बसला होता. गरिबाची मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकून तो संतापला व त्याने कडक निवाडाही दिला. त्याचा न्याय इतरांपुरता अगदी घट्ट होता. तोवर बथशेबेला मूल झाले होते. इतके महिने राज्यकारभार आणि उपासना सर्व चालू असणार. मौनात हाडे कशी झिजतात, ते स्तोत्र ३२ सांगते. नाथानाने बोट ठेवले तेव्हा ते मौन सुटले. याकोबही कबुली एकमेकांजवळ द्यावयास सांगतो. आपण मंडळीत एकमेकांना सर्व काही सांगतो, एवढेच सोडून.

या तेलाचा आणखी एक गुण आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही. लांब घाट उतरताना चाके तापतात, तेल उकळते आणि त्याची वाफ हवेप्रमाणेच दबते. म्हणूनच तेल ठराविक काळाने बदलावे लागते. बाप्तिस्म्याच्या वेळी एकदा दिलेली कबुली आयुष्यभर पुरेल असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

त्या दिवशी बुडबुडे थांबले, तरी पेडल मऊच. मी पुन्हा त्या मागच्या चाकाकडे गेलो, लाकडी मुठीने हलकेच ठोकले आणि एक मोठा बुडबुडा निघाला. “आता घट्ट आहे, बाबा.” आम्ही गाडी प्रथम गल्लीतच सावकाश चालवून पाहिली.

हात धुताना पत्नी म्हणाली, “दादांना किती वर्षं झाली हो?” आईच्या घराच्या वाटणीवरून मी थोरल्या भावाशी बोलणे टाकले, त्याला चार वर्षे झाली होती. त्या चार वर्षांत मी क्षमेवर तीन उपदेश केले. प्रार्थनेत मी त्याचे नावही घेत नव्हतो.

रात्री फोन लावला. वहिनींनी उचलला. “दादा आहे का? त्याला म्हणावं, माझी चूक झाली.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “सांगते.” दादा फोनवर आला नाही. रविवारी उपासनेनंतर पुन्हा लावणार आहे.