एकुलती एक नववी

‘बी.एड. करून ठेव, कधीतरी कामी येईल.’ पदवी संपत आली की हा सल्ला घरोघरी मिळतो. आणि त्याच तोंडून दुसरं वाक्यही येतं, ‘शिक्षकी पेशा म्हणजे व्रत.’ एक वाक्य शिक्षकाला स्वस्त करतं, दुसरं त्याला देव्हाऱ्यात बसवतं. हायस्कूलचा शिक्षक व्हावं की नाही हे ठरवताना दोन्ही कुचकामी.

व्रताचं आधी पाहू. महाराष्ट्रात अनुदानित शाळेत नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. माध्यमिकसाठी ते महिना ८ हजार होतं, २०२३मध्ये १८ हजार झालं. पदाच्या नावातच ‘सेवक’ घातला की पैशांचं बोलणं ओशाळवाणं वाटू लागतं. पण खोलीचं भाडं, घरची जबाबदारी यांचा हिशेब मांडणं म्हणजे अप्पलपोटेपणा नव्हे. हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

मग ‘दुसरं काही जमलं नाही म्हणून’ शिक्षक होणं अनैतिक आहे का? मला तसं वाटत नाही. स्पर्धा परीक्षांमध्ये वर्षं घालवून शाळेत आलेली आणि जीव ओतून शिकवणारी माणसं आपण पाहिली आहेत. माणूस कुठल्या दारानं आत आला, यापेक्षा आत येऊन काय करतो हे महत्त्वाचं.

तरी एक अट उरतेच. पंचविशीत आपण ‘दोन वर्षं करून बघू’ असं म्हणू शकतो. समोरच्या मुलांना ती सोय नाही. बीजगणितातल्या ‘क्ष’ला घाबरलेल्या मुलीला नववीत कुणी हात दिला नाही, तर दहावीनंतर ती गणिताच्या वाटेला जात नाही, आणि कितीतरी दारं तिथंच बंद होतात. आपल्यासाठी ते उमेदवारीचं वर्ष असतं. तिच्यासाठी ती एकुलती एक नववी असते.

म्हणून ‘मला मुलं आवडतात का?’ एवढं विचारून भागत नाही. हुशार, हसरी मुलं कुणालाही आवडतात. शेवटच्या बाकावरच्या, आपल्या डोक्यात जाणाऱ्या मुलालाही तेवढाच वेळ देणं जमेल का? आणि पुढे त्याचं काय झालं हे कधीच कळलं नाही, तरी चालेल का?

याचं उत्तर घरी बसून सापडत नाही. जवळच्या शाळेत विचारा, तिथले शिक्षक वर्गात असताना महिनाभर शिकवून पाहा. चाचपडायचंच आहे, तर कुणाची नववी पणाला न लावता चाचपडावं.