माळ्यावरचा देव

ॲमस्टरडॅमच्या जुन्या भागात आउदेझाइड्स फोरबुर्खवाल या कालव्याकाठी एका व्यापाऱ्याचं घर आहे. खाली बैठक, स्वयंपाकघर. उभे, अरुंद जिने चढून गेलं की वर अख्खं चर्च. यान हार्टमन या कॅथलिक व्यापाऱ्यानं १६६१ मध्ये हे घर आणि मागची दोन घरं घेतली आणि १६६३ पर्यंत तिन्हींचे माळे जोडून देवाची सोय केली. दीडशे माणसं बसतील एवढी जागा. वेदीच्या खांबाच्या बुंध्यात प्रवचनाचं व्यासपीठ दुमडून ठेवलेलं. लागेल तेव्हा बाहेर ओढायचं.

१५७८ मध्ये शहराची सत्ता कॅथलिकांकडून प्रोटेस्टंटांकडे गेली आणि कॅथलिकांची उघड उपासना बंद झाली. तरी १५७९ च्या युट्रेख्टच्या करारात लिहिलं होतं, की धर्मावरून कुणाचा छळ करायचा नाही. या दोन गोष्टींची तडजोड म्हणजे हा माळा. लपलेला म्हणावा, तर रविवारी एका दारातून एवढी माणसं आत जाताना शेजाऱ्यांना दिसत नव्हती थोडीच! अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. पैसे घेऊन ते काणाडोळा करत. मग लपवायचं ते कुणापासून? मला वाटतं, कुणापासूनच नाही. रस्ता कुणाचा आहे, हे मान्य करवून घ्यायचं होतं, एवढंच.

माझा मुलगा इथेच नोकरीला आहे. तो म्हणतो, “आई, त्या काळात युरोपात माणसं जाळत होते. इथे निदान माळा तरी मिळाला.” खरं आहे त्याचं. माळा मिळणं ही लहान गोष्ट नव्हती. पण मी माळकरी घरातली. मनातली श्रद्धा तुमची, रस्ता आमचा, असं म्हणणाऱ्यानं धर्म म्हणजे काय ते आधीच आपल्या बाजूनं ठरवून टाकलेलं असतं. धर्म मनात असतो, ही कॅल्विनच्या अनुयायांची, म्हणजे इथल्या प्रोटेस्टंट सत्ताधाऱ्यांची, समजूत. कॅथलिकाचा धर्म घंटेत, धुपात, मिरवणुकीतही होता. माझ्या आजीचा पायांत होता. वारी चुकली की घरबसल्या केलेल्या नामस्मरणानं तिचं समाधान होत नसे.

गंमत अशी की त्याच शहरात पोर्तुगालहून आलेल्या घराण्यांच्या ज्यूंनी १६७५ मध्ये आपलं भव्य सिनेगॉग उघडपणे उभं केलं. त्यांच्यापासून सत्तेला धोका नव्हता. कॅथलिक मात्र कालचे राज्यकर्ते, त्यात ज्याच्याविरुद्ध डचांनी बंड केलं त्या स्पेनच्या राजाचे धर्मबंधू. तेव्हा या उदारपणात तत्त्व किती आणि हिशेब किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

१७९६ मध्ये चर्च आणि राज्यसत्ता वेगळी झाली, पण मिरवणुकांवरची बंदी पुढच्या शतकातही होतीच. १३४५ मध्ये आगीत टाकलेला पवित्र प्रसाद जळला नाही, अशी इथल्या कॅथलिकांची श्रद्धा. त्या चमत्काराची यात्रा पूर्वी थाटात निघे. १८८१ मध्ये काही भक्तांनी वाट काढली. जुन्याच मार्गानं चालायचं. झेंडा नाही, मेणबत्ती नाही, गाणं नाही. नुसतं चालणाऱ्याला कुठला कायदा अडवणार? मनातल्या मनात प्रार्थना करत जायचं. राज्यकर्त्यांची व्याख्या त्यांनी रस्त्यावर आणली आणि रस्ता परत मिळवला. या युक्तीला मी मनापासून दाद देते.

बंदी १९८० च्या दशकात उठली. मार्चमधल्या एका रात्री ही यात्रा आजही निघते, आणि आजही मुक्यानंच. मुलाच्या मते ते मौन आता त्यांचं स्वतःचं झालं आहे, त्यात कसला पराभव शोधतेस? असेलही. सक्तीनं लागलेल्या सवयीतून खरी भक्ती उगवू शकते, हे मला नाकारता येत नाही. तरीही बंदी उठल्यावर पहिल्याच वर्षी, एकदा तरी, भर रस्त्यात मोठ्यानं गाऊन बघावं असं त्यांच्यातल्या कुणालाच कसं वाटलं नसेल? मला ते विचारायचं आहे.