भूलतज्ज्ञाचा शेड्युलर

मेलबर्नचे कॉन कोलिवास व्यवसायाने भूलतज्ज्ञ. संगणकशास्त्र ते कुठे शिकले नव्हते. त्यांच्या लिनक्सबद्दलच्या तक्रारी मात्र चारचौघांसारख्याच होत्या: मागे एखादे जड काम चालू असले की गाणे अडखळते, माउसचा बाण थबकतो. असे झाले की लोक चरफडतात, नाहीतर नवा संगणक घेतात. कोलिवास सी भाषा शिकायला बसले, तीही थेट कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड हातात घेऊन.

लिनक्समध्ये हे करायला कुणाची परवानगी लागत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला हा कर्नल पुढच्याच वर्षी जीपीएल परवान्याखाली आला. कोड वाचा, बदला, कंपाइल करा, आपल्या यंत्रावर चालवा. बदल फसला तर संगणक सुरूच होणार नाही, म्हणून जाणती माणसे जुना कर्नल बूटच्या यादीत शाबूत ठेवतात. खरी अडचण पुढेच असते. बदलानंतर संगणक ‘चपळ वाटतो’ हे म्हणणे कुणी मान्य करत नाही. स्वतः केलेला बदल प्रत्येकालाच चपळ वाटतो.

कोलिवास यांनी हे लवकर ओळखले. त्यांनी आधी ‘कॉन्टेस्ट’ आणि नंतर ‘इंटरबेंच’ ही मोजमापाची साधने लिहिली. डिस्कवर, मेमरीवर मुद्दाम ताण टाकायचा आणि आवाज, चित्र, खिडक्या यांना आपल्या पाळीसाठी किती मिलिसेकंद ताटकळावे लागते ते मोजायचे. डॉक्टर माणसाला हे सुचावे यात नवल नाही.

दुखणे शेड्युलरमध्ये होते. प्रोसेसरचा एक कोर एका वेळी एकच काम करतो. पुढची पाळी कोणाची, हे शेड्युलर ठरवतो. त्या वेळचा शेड्युलर इंगो मोल्नार यांचा. कोणता प्रोग्रॅम किती वेळ झोपून असतो यावरून तो अंदाज बांधायचा की त्या प्रोग्रॅमपुढे माणूस बसलेला असावा. अंदाज चुकला की गाणे अडखळलेच. कोलिवास यांचे म्हणणे, अंदाज हवाच कशाला? प्रत्येकाला सारखा वाटा द्या. वाटा संपला की एक पायरी खाली उतरवा. मार्च २००७ मध्ये हा जिन्याचा शेड्युलर त्यांनी कर्नलच्या मंडळींपुढे ठेवला.

एप्रिलमध्ये मोल्नार यांनी स्वतःचा नवा शेड्युलर आणला, सीएफएस. त्यांच्याच सांगण्यानुसार पहिल्या ओळीपासून ६२ तासांत तो लिहून झाला होता. समान वाट्याची कल्पना चालते हे कोलिवास यांनी सिद्ध केले, असे श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिले. ऑक्टोबरच्या २.६.२३ आवृत्तीत सीएफएस आला. कोलिवास त्याआधीच, जुलैत, सगळे सोडून गेले होते. स्वॅपविषयीचा, म्हणजे मेमरीतून डिस्कवर हलवलेल्या डेटाविषयीचा, त्यांचा पॅचही (कोडमधला बदल) असाच ताटकळत राहिला होता.

सीएफएस निवडणाऱ्या टोरवाल्ड्स यांची बाजू अशी की कर्नलमध्ये शिरलेला कोड वर्षानुवर्षे निस्तरावा लागतो, आणि तक्रारी घेऊन आलेल्यांशी वाद घालणाऱ्यापेक्षा त्यांचे ऐकणारा माणूस बरा. हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण त्यात कोड कुणाचा चांगला, हा प्रश्न दुय्यम ठरतो, आणि एकट्याने शिकलेल्या माणसाला हे कोणतेही पुस्तक शिकवत नाही.

२००९ मध्ये कोलिवास परतले ते बीएफएस हा नवा शेड्युलर घेऊन. (नावातल्या बी आणि एफचा विस्तार इथे न दिलेला बरा.) या वेळी कर्नलमध्ये शिरण्याचा आग्रहच नव्हता. मोल्नार यांनी आठ कोरच्या यंत्रावर चाचण्या घेऊन सीएफएस सरस ठरवला. कोलिवास यांनी विचारले, घरी असले यंत्र असते कुणाकडे? दोघांचे आकडे आपापल्या जागी बरोबर होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, एवढ्याने भागत नाही. मोजायला यंत्र कुणाचे घेतले यावरही निकाल ठरतो.

पुढच्याच वर्षी कर्नलवर काम करणारे माइक गॅलब्रेथ यांचा सुमारे दोनशे ओळींचा पॅच गाजला. टर्मिनलवरून सुरू केलेल्या कामांचे तो आपोआप गट पाडून गटागटांत प्रोसेसर वाटायचा. हेच काम वापरणाऱ्याच्या सेटिंग फाइलमध्ये मोजक्या ओळी घालून होते, असे लेनार्ट पोएटरिंग या लिनक्स प्रोग्रॅमरने करून दाखवले. टोरवाल्ड्स यांनी कर्नलमधल्या पॅचचीच बाजू घेतली: वापरणाऱ्याला काही करावेच लागू नये. कर्नल कंपाइल करता करता संगणक वापरणाऱ्यांना त्याचा फरक लगेच जाणवला. मेनूतून गाणी लावणाऱ्यांना फारसा नाही. ते टर्मिनल उघडतच नव्हते.