खेळायला कारण लागतं का?

नागपूरची ही गोष्ट तुम्हाला 'झुंड'मुळे माहीत असेल. २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली.

अशी संस्था काढायची तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आली, दरवर्षीचे हिशेब आले, देणगीदाराला करसवलत हवी तर ८०जी आलं. पैसा लोकांचा, तेव्हा हे योग्यच. खरी अडचण अर्जातल्या पुढच्या रकान्यात असते: खेळामुळे किती मुलं व्यसनापासून लांब राहिली? किती शाळेत परतली?

प्रश्न वाईट नाहीत. पण सिव्हिल लाइन्समधल्या मुलाला टेनिसच्या क्लासला घालताना हे कुणी विचारतं का? त्याला आवडतं, एवढं पुरतं. गरिबाच्या पोराला मात्र खेळण्यासाठी आधी सुधारावं लागतं.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट मानायचा. अहवालात मुलगा 'लाभार्थी' झाला, की हाच धोका असतो. तो आपल्या यशाचा पुरावा होऊन बसतो.

आकडे द्यावेत, त्याशिवाय बॉल आणि बूट येणार नाहीत. फक्त संस्था काढणाऱ्यानं मनाशी एक पक्कं करावं: ज्याचं काहीच सुधारलं नाही, ज्याची अहवालात एक ओळही होणार नाही, तो पोरगा उद्या मैदानावर आला तर त्यालाही टीममध्ये घ्यायचं.