नाणे आणि तुळशीपत्र

विंध्याच्या रांगा जेथे नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागतात, त्या प्रदेशात, देवास जिल्ह्यात, उदयनगर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे आमच्या एका स्नेह्यांचे बिऱ्हाड आहे. मुलूख माळव्याचा, बाजारची बोली हिंदी. पण घरातील व्यवहार मराठीत चालतो आणि देवघरात सकाळ-संध्याकाळ समई लागते. या स्नेह्यांस नाणी जमविण्याचा छंद आहे. आम्ही त्यांच्याकडे उतरलो असता एके सकाळी टपालाने एक चिमुकली पेटी आली. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या त्रिशताब्दीनिमित्त सरकारने तीनशे रुपयांचे जे नाणे काढले, ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे पंतप्रधानांच्या हस्ते ज्याचे प्रकाशन झाले, ते नाणे त्या पेटीत होते. पारदर्शक डबीत बंद केलेले, आरशासारखे लखलखणारे.

स्नेह्यांच्या मातोश्री त्या वेळी पूजेस बसल्या होत्या. अहिल्याबाईंचे नाणे आले आहे असे कानी पडताच त्यांनी ताम्हन पुढे केले आणि म्हणाल्या, "आधी इथे ठेव. हळदकुंकू वाहू दे, मग ने." स्नेही संकोचले. "आई, ते डबीतून बाहेर काढायचे नसते. बोट लागले की मोल उतरते." म्हातारी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "अरे, मग आणलेस कशाला?"

हा प्रश्न आम्ही त्या घरातून बरोबर घेऊन आलो. तो केवळ एका घरचा नाही. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी काणकोण तालुक्यातील श्रीसंस्थान गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठाच्या सार्धपंचशतमानोत्सवात पंतप्रधानांच्या हस्ते विशेष टपाल तिकिटाचे आणि स्मारक नाण्याचे प्रकाशन झाले, तेव्हा तो प्रश्न आपल्या समाजाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. सन १४७५ पासून साडेपाचशे वर्षे चालत आलेल्या गुरुपरंपरेचे स्मरण धातूच्या एका चकतीत सामावले गेले. ते नाणे ज्यांच्या घरी येईल, त्यांनी त्याचे करावे काय? देवघरात ठेवावे, तिजोरीत ठेवावे, की संग्रहाच्या पुस्तकात क्रमाने लावावे?

प्रथम हे स्मारक नाणे म्हणजे काय, ते पाहू. स्वतंत्र भारतात अशा नाण्यांचा प्रारंभ १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मृतिनाण्याने झाला. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. पुढे १९९९ साली ज्ञानेश्वरमहाराजांची मुद्रा रुपयावर आली आणि २००२ साली तुकोबांची दोन रुपयांवर. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरास २०१० साली एक हजार वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त चक्क हजार रुपयांचे नाणे पाडण्यात आले. सोन्याचे म्हणावे, तर २०१५ साली सरकारने एका बाजूस अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूस गांधीजींची मुद्रा असलेली सुवर्णमुद्रा विक्रीस आणली; पण ती चलन नव्हे. थोर रकमेची ही स्मारक नाणी बाजारात फिरविण्यासाठी काढलेली नसतात. टांकसाळीकडे आगाऊ मागणी नोंदवावी लागते, आणि दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मोल मोजून ती घरी येतात.

म्हणजे कायद्याने ते नाणे आहे. परंतु नाण्याचा जो धर्म, एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा, तो त्याला जन्मतःच वर्ज्य आहे. खर्च न होण्यासाठी जन्मलेले हे नाणे आहे. त्याचा धर्म कोणता, हे ठरविल्याखेरीज ते बाळगणाऱ्याचा धर्मही ठरावयाचा नाही.

आता मुलाची बाजू पाहू. नाणी जपून ठेवणाऱ्यास लोभी ठरविणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. शिवछत्रपतींनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचे होन पाडले. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' एवढीच अक्षरे. त्या होनांपैकी आज अगदी मोजके शिल्लक आहेत. बाकीचे व्यवहारात गेले, आटवले गेले, दागिन्यांत मुरले. जे उरले ते कोणीतरी कधीतरी खर्च न करता बाजूस ठेवले म्हणून उरले. तो ठेवणारा लोभाने ठेवीत होता की भक्तीने, हे कोणास ठाऊक? पण त्याच्या मुठीतून निसटले नाही म्हणून आज आपण ती अक्षरे डोळ्यांनी पाहतो.

खुद्द धार आणि देवासचेच पाहा. दोन्ही राज्ये पवारांची. देवासची तर एकाच गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. इंग्रजी अमलात धार संस्थानाच्या नावे १८८७ साली आणि देवासच्या दोन्ही पात्यांच्या नावे १८८८ साली तांब्याची नाणी निघाली. व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा तोच, फरक काय तो पातीदर्शक अक्षरांचा. आमच्या स्नेह्यांजवळ त्यांतील एक पैसा आहे. कडा झिजलेल्या, अक्षरे बोटाने चाचपावी लागतात. संस्थाने गेली, पात्या गेल्या. एका टेकडीखाली दोन दरबार कसे नांदत होते याची साक्ष तो पैसा देतो. संग्राहक हा असा काळाचा कारकून असतो. तो नसता तर दप्तर कोणी राखले असते? शिवाय चकाकीचे नाणे उघडे पडले की काळवंडते, बोटाचा ठसा त्यावर कायमचा उमटतो, हेही खरेच आहे. तेव्हा डबी न उघडण्यात केवळ पैशाचा हिशेब नसून वस्तूविषयीचा आदरही असू शकतो.

पण मातोश्रींची बाजू याहून जुनी आहे. आपल्या घरांत नाणे आणि पूजा यांची फारकत कधीच नव्हती. राम-सीतेची मुद्रा असलेल्या रामटंका अनेक देवघरांतून पुजल्या जातात. त्या चलन नव्हत्या, भक्तांसाठीच घडविल्या गेल्या. आपल्या बायकांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आली, असे जाणकार मानतात. परदेशी व्यापाऱ्याचे चलन येथे येऊन सौभाग्यलेणे झाले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ताम्हनात चांदीचा रुपया असतोच. त्या रुपयाला कुंकू लागले म्हणून त्याचे मोल उतरले असे कोणी म्हटले नाही. उलट तो रुपया घरात सर्वांत मोलाचा ठरला.

आणि नाणे कोणाचे? अहिल्यादेवींचे. १७२५ साली चौंडीस जन्मलेल्या आणि १७९५ साली महेश्वरास देह ठेवलेल्या या साध्वीच्या अमदानीतील रुपये अभ्यासकांस ठाऊक आहेत. त्यांवर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दिल्लीचा बादशहा शाहआलम याचे नाव आहे आणि होळकरांची खूण म्हणून शिवलिंग व बिल्वपत्र आहे. अहिल्यादेवींचा चेहरा त्यांवर कोठेही नाही. स्वतःच्या टांकसाळीतून स्वतःची मुद्रा न काढणाऱ्या बाईची मुद्रा तीनशे वर्षांनी नाण्यावर आली. तिच्याविषयीची आख्यायिका घरोघर सांगितली जाते: राघोबादादांनी खासगीतील द्रव्याची मागणी केली, तेव्हा त्या ठेव्यावर आपण तुळशीपत्र ठेविले आहे, तो आता देवाधर्माचा आहे, असे उत्तर तिने दिले. आख्यायिका अक्षरशः घडली असो वा नसो, खासगीचे द्रव्य कोठे गेले हे देशास दिसते आहे. काशीविश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथाचे नवे मंदिर, महेश्वरचे घाट ही त्या तुळशीपत्राची फळे आहेत.

हे ध्यानी घेतले म्हणजे म्हातारीच्या प्रश्नाची धार कळते. जिने ठेव्यावर तुळशीपत्र ठेविले, तिच्या स्मरणार्थ निघालेले नाणे आपण कडीकुलपात ठेवतो, त्याचा बाजारभाव रोज पाहतो, आणि यास स्मारक म्हणतो. स्मारक कोणाचे झाले?

आम्ही स्नेह्यांचा संग्रह नीट पाहिला. पाने व्यवस्थित लावलेली, प्रत्येक नाण्याखाली वर्ष, धातू, वजन. क्रम मात्र मोलाचा होता. हजार रुपयांचे अग्रभागी, मग पाचशेचे, मग शंभराचे. तुकोबा अगदी शेवटच्या पानावर, कारण दोन रुपयांवर त्यांची मुद्रा आहे आणि बाजारात तिला फारसे कोणी विचारीत नाही. देवासचा झिजका पैसा तर पानात नव्हताच. तो एका काडेपेटीत सुटा ठेवलेला होता. येथे आम्हांस या प्रश्नाचे मर्म सापडले असे वाटते. नाणे जमविणे हा दोष नव्हे. जमविलेल्या वस्तूंना आपण कोणता क्रम लावतो, यात आपली दृष्टी उघडी पडते. ज्याच्या पुस्तकात हजार रुपये तुकोबांच्या आधी येतात, त्याने स्मरणाचा संग्रह केलेला नाही. त्याने किमतीचा संग्रह केला आहे, आणि स्मरण हे तिचे वेष्टन आहे.

अशा संग्रहास अंत नसतो. अमुक वर्षाचे नाणे आहे, पण तमुक टांकसाळीचे नाही; साधे आहे, पण चकाकीचे नाही. जे आहे त्याचा आनंद, जे नाही त्याच्या हळहळीत बुडून जातो. उदयनगरच्या परिसरात कावडिया नावाचे डोंगर आहेत. घडीव खांबांसारख्या काळ्या दगडांच्या राशी तेथे पडलेल्या आहेत. भूगर्भातील लाव्हा थंड होताना तसे खांब तयार होतात, असे शास्त्र सांगते. दंतकथा सांगते की, भीमाने नर्मदेचा प्रवाह अडविण्यासाठी ते दगड जमविले; पण रात्र सरली आणि काम अपुरे राहिले. रास तेथेच राहिली, नर्मदा आपली वाहत गेली. अपुऱ्या संग्रहाची याहून चांगली प्रतिमा आम्हांस ठाऊक नाही.

मग डबी उघडावी की नाही? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर देवळातच आहे. गाभाऱ्यातील मूलमूर्ती जागची हलत नाही. तिला वाटेल त्याने स्पर्श करावयाचा नसतो, आणि त्याबद्दल कोणी पुजाऱ्यास कृपण म्हणत नाही. पण त्याच देवाची उत्सवमूर्ती असते. ती पालखीत बसते, वाड्यावाड्यांतून फिरते. ज्यांना देवळापर्यंत येववत नाही त्यांच्या दारी जाते. मूलमूर्ती स्थिर असते म्हणून उत्सवमूर्तीच्या फिरण्यास अर्थ येतो, आणि उत्सवमूर्ती फिरते म्हणून मूलमूर्तीचे स्थिर असणे लोकांस जाचत नाही. ज्या देवस्थानात पालखी निघेनाशी होते, ते हळूहळू चार मानकऱ्यांचे होऊन बसते.

स्मारक नाण्याचे असेच आहे. धातू डबीत राहो; ज्याचे ते स्मरण, ते मात्र फिरले पाहिजे. हजाराचे नाणे घरी आहे, तर घरातील मुलांस राजराजाने बांधलेल्या त्या मंदिराची कथा माहीत आहे काय? अहिल्यादेवींचे नाणे आहे, तर तिच्या नावे वर्षाकाठी एखाद्या विद्यार्थ्याची फी, एखाद्या विहिरीची डागडुजी, एखाद्या यात्रेकरूचे जेवण आपल्या हातून घडते काय? पर्तगाळीचे नाणे आहे, तर मठाच्या साडेपाचशे वर्षांतील चार स्वामींची नावे तरी आपणांस सांगता येतात काय? घडत असेल, सांगता येत असेल, तर डबी खुशाल बंद ठेवावी. पालखी निघालेली आहे. नसेल, तर डबी उघडून नाण्यास कुंकू लावल्यानेही फारसे साधणार नाही. कारण तो कोरडा उपचार होईल. गीतेतील लोकसंग्रह हा शब्द आपण नेहमी ऐकतो. संग्रह या शब्दाला त्याच्याइतका मोठा जोडीदार दुसरा मिळालेला नाही. वस्तूंचा संग्रह लोकसंग्रहाच्या कामी येतो तोवर तो पुण्याचा. ते नाते तुटले की उरतो तो परिग्रह.

कोणी म्हणेल, हे बोलणे संग्राहकावर फार मोठे ओझे लादणारे आहे. एखाद्याने निव्वळ सुंदर वस्तू म्हणून नाणे बाळगले तर काय बिघडले? काहीच नाही. सुंदर वस्तूचा लोभ हा लोभांत सर्वांत सौम्य. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या नाण्यावर संताची, साध्वीची किंवा मठाची मुद्रा आहे, ते नाणे घेताना आपण त्या मुद्रेचा शब्दही उचललेला असतो. तो शब्द पाळावयाचा नसेल, तर कोऱ्या चांदीची लगड विकत घ्यावी. ती अधिक स्वस्त पडते आणि ती कोणाचेच नाव सांगत नाही.

त्या सकाळी पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. स्नेही डबी हातात धरून उभेच होते. मातोश्रींनी वाद घातला नाही. त्यांनी बंद डबीच ताम्हनात ठेवून घेतली, वृंदावनातील तुळशीचे एक पान धुऊन तिच्यावर ठेवले, नमस्कार केला आणि डबी मुलाच्या हाती परत दिली. पान ओले होते. डबीवर पाण्याचा एक थेंब उरला. स्नेह्यांनी तो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ते संग्रहाची पाने सोडवून बसले होते. देवासचा झिजका पैसा काडेपेटीतून बाहेर आलेला होता, आणि तुकोबांना कितव्या पानावर घ्यावे, असे ते आईस विचारीत होते.